सेवाव्रती फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि त्यांचा निधी

परिचारिका हा शब्द उच्चारताच, हाती दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांच्या रांगांतून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. शाळेच्या पुस्तकांनी ही मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या मनावर ठसवली आहे. तथापि तो दिवा त्यांच्या हाती होता जेमतेम एकवीस महिने. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक त्यांच्यावर जबाबदारी राहिली ती लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या एका निधीची. गरीब व सामान्य घरांतील मुलींना एक पैसाही न भरता, उलट हातखर्चाला काही मिळून, परिचारिकेचे शिक्षण घेता यावे यासाठी तो निधी खर्ची पडला. दिव्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. निधीची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांना देण्यात आले. घराणे इंग्लंडातील गर्भश्रीमंत. डर्बीशायर व हॅम्पशायर या परगण्यांत दोन प्रशस्त वाडे, नोकरचाकर, पाहुण्यांची सतत ये-जा. वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. त्यांनी मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास व गणित शिकवले. त्यांतील गणिताची गोडी फ्लॉरेन्स यांना जन्मभर राहिली आणि पुढे याच गोडीने मोठमोठ्या सरकारी खात्यांना घाम फोडला.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ मध्ये, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी त्यांची श्रद्धा झाली. परंतु कोणती सेवा, हे उमगण्यास काही वर्षे गेली, आणि उमगले तेव्हा घरात वादळ उठले. १८४५ साली सॉल्सबरी येथील रुग्णालयात काही महिने राहून शुश्रूषेचे काम शिकण्याची इच्छा त्यांनी प्रकट केली. आई व बहीण यांनी आकांत मांडला. त्याला कारणही तसेच होते. त्या काळी इंग्लंडातील रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करणारी स्त्री म्हणजे दुसरे कोणतेही काम न मिळालेली, निरक्षर आणि पुष्कळदा मद्यपी, अशीच सर्वसाधारण समजूत होती. वॉर्डातच झोपायचे, तेथेच रांधायचे, तुटपुंजा पगार घ्यायचा. ज्या व्यवसायाला ना शिक्षण ना मान, त्याकडे चांगल्या घरची मुलगी वळणार तरी कशी? आणि चांगल्या माणसांनी पाठ फिरवल्यावर त्या व्यवसायाला मान तरी कोठून येणार? हे दुष्टचक्र कोठेतरी तोडणे भाग होते.

नऊ-दहा वर्षे त्यांनी घरातल्या घरात हा लढा दिला. एका सुविद्य व प्रतिष्ठित वराला नकार दिला. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझरवर्थ येथे पाद्री फ्लीडनर यांनी चालवलेल्या संस्थेत त्यांनी सुमारे तीन महिने प्रत्यक्ष काम करून शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका शुश्रूषागृहाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी वेतन घेतले नाही, कारण वडिलांनी त्यांना वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक करून दिली होती. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्वतः विनावेतन काम केलेल्या या स्त्रीने इतरांनीही विनावेतन सेवा करावी, असा आग्रह कधीच धरला नाही. आपल्या पाठीशी वडिलांचे ५०० पौंड आहेत आणि इतरांच्या पाठीशी ते नाहीत, याचा त्यांना विसर पडला नाही. दानधर्म करणारी कितीतरी सज्जन माणसे नेमके हेच विसरतात.

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी इंग्रज सैनिकांचे हाल वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेलबाईंना पाचारण केले. ३८ परिचारिकांसह त्या नोव्हेंबरच्या आरंभी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या आल्याबरोबर मृत्यू थांबले नाहीत. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या आरोग्य आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, पाणी व हवा शुद्ध केली, आणि जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. परत आल्यावर बाईंनी सारे आकडे तपासले, तेव्हा घाणीनेच किती बळी घेतले होते ते त्यांना उमगले. तो निष्कर्ष दडपून न ठेवता त्यांनी तो तक्त्यांनिशी सरकारपुढे मांडला. याच कामामुळे १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

त्या अजून युद्धभूमीवरच असताना, २९ नोव्हेंबर १८५५ रोजी, लंडनमधील विलिस रूम्स या सभागृहात मोठी सभा भरली. केंब्रिजचे ड्यूक अध्यक्षस्थानी होते. राष्ट्राच्या कृतज्ञतेचे प्रतीक म्हणून नाइटिंगेल निधी उभारावा आणि त्याचा विनियोग परिचारिकांच्या शिक्षणासाठी व्हावा, असे ठरले. पैशाचा ओघ सुरू झाला. सरदार-दरकदारांनी दिले, व्यापाऱ्यांनी दिले, विख्यात गायिका जेनी लिंड यांनी जलसा करून त्याचे उत्पन्न दिले. सैन्यातील शिपायांनी एक दिवसाचा पगार दिला आणि त्या एका दिवसाच्या पगारांतून सुमारे ९००० पौंड जमले. एकूण रक्कम ४४,००० पौंडांवर गेली.

याच युद्धातील आणखी एका स्त्रीचे नाव येथे घेणे न्यायाचे ठरेल. जमैका बेटावरील मेरी सीकोल या अनुभवी सेविकेने लंडनला येऊन युद्धावर जाण्याची परवानगी मागितली होती. तिला घेण्यात आले नाही. ती स्वतःच्या खर्चाने गेली, सैनिकांची सेवा करून कर्जबाजारी होऊन परतली. १८५७ साली तिच्या मदतीसाठीही लंडनमध्ये मोठा समारंभ झाला, पण तिच्या हाती फारच थोडे पडले. लोकांची कृतज्ञता सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही.

निधी जमला, परंतु नाइटिंगेलबाई काही हर्षभरित झाल्या नाहीत. १८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या गाजावाजा टाळून गुपचूप घरी परतल्या. प्रकृती ढासळली होती आणि १८५७ पासून त्या बहुतांशी अंथरुणालाच खिळल्या. सैन्याच्या आरोग्यसुधारणेचे काम डोक्यावर होते. लोकांनी पैसे दिले म्हणून घाईघाईने काहीतरी उभारून दाखवावे, हे त्यांना मान्य नव्हते. रक्कम चार वर्षे गुंतवणुकीत राहिली. लोक कुजबुजू लागले असतील तर नवल नाही. देणगीदारांना दगड-विटांची इमारत दिसली म्हणजे पैसे सत्कारणी लागल्यासारखे वाटते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. बाईंनी इमारत बांधली नाही. मुद्दलाला हात न लावता व्याजावर काय चालवता येईल, याचा त्यांनी व त्यांच्या विश्वस्तांनी विचार केला. सरकारी रोख्यांचा त्या काळचा दर तीन टक्क्यांच्या आसपास धरला तर ४४,००० पौंडांवर वर्षाला तेराशे-चौदाशे पौंड हाती येतात. एवढ्यात स्वतंत्र रुग्णालय चालत नाही. पण एखाद्या नामांकित रुग्णालयाशी करार करून तेथे शाळा निश्चित चालते.

निवड झाली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाची. तेथील मेट्रन श्रीमती वॉर्ड्रोपर यांच्या शिस्तीवर बाईंचा विश्वास बसला होता. रुग्णालयातील ज्येष्ठ शस्त्रवैद्य जॉन फ्लिंट साउथ यांचा मात्र विरोध होता. परिचारिकांना एवढ्या शिक्षणाची गरजच नाही, असे त्यांचे मत होते व ते त्यांनी १८५७ मध्ये पुस्तिका लिहून मांडलेही होते. विरोध बाजूला सारून १८६० च्या उन्हाळ्यात शाळा सुरू झाली. पहिली तुकडी पंधरा जणींहून मोठी नव्हती.

या शाळेच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. साधारण २५ ते ३५ वयाच्या, चारित्र्याचा दाखला असलेल्या स्त्रियांना प्रवेश. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण, गणवेश व कपडे धुण्याचा खर्च निधीतून. प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र खोली. शिवाय वर्षभरात हातखर्चाला १० पौंड. घरकामाला राहणाऱ्या मुलीला त्या काळी वर्षाला साधारण तेवढेच मिळत असत. त्या दहा पौंडांतच या योजनेचे मर्म साठलेले आहे. गरीब घरातील मुलगी शिकायला गेली की केवळ फीचा प्रश्न नसतो. तिच्या वर्षभराच्या कमाईला घर मुकते. फी माफ केली तरी ती कमाई भरून निघत नाही, आणि म्हणून आईबाप मुलीला पाठवत नाहीत. नाइटिंगेल निधीने ही तूट हिशेबात धरली. मोलकरीण होऊन जे मिळाले असते, ते परिचारिका होता होता मिळू लागले, आणि वर्षअखेरीस हाती एक विद्या आली. त्याबदल्यात उत्तीर्ण झालेल्या मुलीने पुढची काही वर्षे निधी सांगेल त्या रुग्णालयात पगारी नोकरी करावी, एवढेच बंधन होते. मेट्रनला व शिकवणाऱ्या डॉक्टरांना निधीतून जादा मानधन दिले जाई. प्रत्येक विद्यार्थिनीच्या वर्तनाचा व कौशल्याचा तक्ता दरमहा भरला जाई.

१८६१ मध्ये निधीने दुसरे पाऊल टाकले. खेड्यापाड्यांतील बाळंतिणींसाठी शिकलेल्या सुइणी मिळाव्यात म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात निधीच्या खर्चाने एक प्रसूतीचा वॉर्ड उघडण्यात आला. गावोगावच्या पुढारी मंडळींनी आपल्याकडील होतकरू बायका निवडून पाठवायच्या, त्यांनी शिकून पुन्हा त्याच गावी जायचे, अशी योजना होती. कल्पना उत्तम, पण वॉर्डात सूतिकाज्वराने मृत्यू होऊ लागले आणि काही वर्षांत तो बंद करावा लागला. बाईंनी हे अपयश लपवले नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या बाळंतिणींच्या मृत्यूंचे आकडे जमवून १८७१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

याच सुमारास लिव्हरपूल शहरी विल्यम रॅथबोन नावाच्या धनिक व्यापाऱ्याने हे कार्य उचलले. लिव्हरपूल हे कापसाचे मोठे बंदर. अमेरिकेतील यादवीमुळे त्या वर्षांत मुंबईचा कापूस तेथे चढ्या भावाने उतरत होता. १८५९ मध्ये रॅथबोन यांची पत्नी निवर्तली. आजारपणात तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला रॅथबोन यांनी, आता गरीब वस्तीतील रोग्यांच्या घरी जाऊन तीन महिने सेवा करावी, अशी विनंती केली आणि पगार आपण देऊ केला. तेथील दैन्य पाहून महिन्याभरातच ती बाई हतबल झाली. पण धीर देताच टिकली, आणि मुदत संपल्यावर हेच काम पुढे चालवण्यास राजी झाली. मग रॅथबोन यांना शहरभर अशा परिचारिका नेमाव्याशा वाटल्या. पगाराचे पैसे त्यांच्याजवळ होते, परंतु शिकलेल्या परिचारिकाच मिळेनात. १८६१ मध्ये त्यांनी नाइटिंगेलबाईंचा सल्ला विचारला. बाहेरून माणसे मागवण्यापेक्षा आपल्याच गावात शाळा काढून तयार करावीत, असे बाईंनी कळवले. त्याप्रमाणे १८६२ साली रॅथबोन यांच्या पैशाने तेथील रुग्णालयाशेजारी शाळा उभी राहिली आणि शहराचे १८ विभाग पाडून घरोघरी सेवा सुरू झाली.

त्याहून कठीण काम होते वर्कहाउसचे, म्हणजे कंगालांसाठी असलेल्या सरकारी आश्रयगृहाचे. लिव्हरपूलच्या अशा आश्रयगृहात सुमारे बाराशे रोगी पडून असत आणि त्यांची शुश्रूषा तेथल्याच निराधार बायका करीत. रॅथबोन यांनी खर्चाची हमी घेतली. १८६५ मध्ये नाइटिंगेल शाळेतून शिकलेल्या ॲग्नेस जोन्स बारा परिचारिकांसह तेथे गेल्या. त्या निराधार बायकांनाही थोडे वेतन देऊन शिकवावे, असा प्रयोग झाला, पण तो फसला. अनेकींना व्यसन सुटेना. यावरून गरीब स्त्री शिकू शकत नाही असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. सेंट थॉमसमध्ये शिकणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया साध्या कष्टकरी घरांतल्याच होत्या. आयुष्य पार उद्ध्वस्त झाल्यावर नव्हे, तर त्याआधी मदत पोहोचली पाहिजे, एवढेच त्यातून दिसते. ॲग्नेस जोन्स यांनी रुग्णालयाचा कायापालट केला, पण अतिश्रमाने खंगलेल्या देहाला टायफस ज्वराने गाठले. १८६८ च्या फेब्रुवारीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नाइटिंगेलबाईंना हा घाव फार लागला.

इकडे मूळ शाळेत काय चालले होते? बाहेरून कीर्ती वाढत होती. १८६८ मध्ये येथील परिचारिका दूर ऑस्ट्रेलियातील सिडनीपर्यंत पोहोचल्या होत्या. परंतु १८७१ मध्ये सेंट थॉमस रुग्णालय थेम्सकाठच्या भव्य नव्या वास्तूत गेले, रोग्यांची संख्या वाढली, आणि शिकाऊ मुलींना शिक्षण देण्याऐवजी स्वस्तातील कामकरी म्हणून राबवले जाऊ लागले. बाईंनी १८७२ च्या सुमारास चौकशी केली तेव्हा धक्कादायक गोष्टी उजेडात आल्या. शिकवणारे डॉक्टर व्याख्याने देतच नव्हते. मेट्रनवर कामाचा भार इतका की विद्यार्थिनींकडे पाहायला तिला सवड नव्हती. तक्ते भरले जात होते, पण त्यांत जीव नव्हता. पैसे वेळेवर पोहोचत होते, शिक्षण पोहोचत नव्हते. संस्था चालवणाऱ्यांनी या प्रसंगी जरा थांबावे. कारण निधीचा ताळेबंद या काळात कोणी तपासला असता तर त्यात पैचीही चूक सापडली नसती.

बाईंनी बावन्नाव्या वर्षी, रुग्णशय्येवरून, शाळेची पुनर्रचना हाती घेतली. निधीचे चिटणीस हेन्री बोनहॅम कार्टर हे त्यांचे नातलग. त्यांनी बाईंना मोलाची साथ दिली. नवे शिक्षक नेमले गेले. विद्यार्थिनींच्या निवासात त्यांच्यासोबत राहून त्यांचा अभ्यास घेणारी स्वतंत्र सिस्टर नेमण्यात आली. शिवाय बाई स्वतः विद्यार्थिनींना एकेक करून आपल्या घरी बोलावू लागल्या. चहा-फराळ द्यायचा, मोकळेपणाने बोलते करायचे, आणि मुलगी गेल्यावर तिच्याविषयी टिपण करून ठेवायचे. प्रकृती बरी नाही, काही खात नाही, असे कळले तर तिच्यासाठी खाऊ व अंडी रवाना होत. इंग्लंडच्या मंत्र्यांना भेटीसाठी तिष्ठत ठेवणाऱ्या बाईंनी शिकाऊ मुलींसाठी मात्र वेळ राखून ठेवला.

एक दोष मात्र राहिला आणि तो झाकण्याचे कारण नाही. १८६७ पासून स्वतःच्या जेवणाखाणाचा खर्च भरणाऱ्या प्रतिष्ठित घरांतील मुलींनाही शाळेत घेण्यात येऊ लागले. ठिकठिकाणच्या रुग्णालयांतून मेट्रनची मागणी येत होती, ती पुरी करण्यासाठी सुशिक्षित स्त्रिया हव्या होत्या, हे खरे. परंतु परिणाम असा झाला की वरच्या जागा बहुधा त्यांच्याकडे गेल्या आणि निधीच्या पैशावर शिकलेली कष्टकऱ्याची मुलगी बहुधा वॉर्डातच राहिली. नियमाने तिला बंदी नव्हती, पण मुळात तिचे शालेय शिक्षणच तोकडे होते. ते भरून काढण्याची सोय एका वर्षात होणे अवघड होते.

१८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला. देशातील स्त्रियांनी वर्गणी काढून राणीला भेट दिली. तिच्यातील सुमारे ७०,००० पौंड राणीने गरिबांच्या घरी जाऊन सेवा करणाऱ्या परिचारिकांच्या शिक्षणासाठी वेगळे काढले आणि १८८९ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली. रॅथबोन या कार्यात अग्रभागी होते व नाइटिंगेलबाईंचा सल्ला त्यांच्या पाठीशी होता. एका बाईला तीन महिने दिलेल्या पगारापासून हे काम येथवर आले होते.

नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, पण येथील कामात त्यांनी चाळीस वर्षे घातली. येथील गोऱ्या सैन्यात दर हजारी ६९ मृत्यू होत असल्याचे त्यांनी १८६३ च्या सुमारास सरकारच्या निदर्शनास आणले. त्यानंतर त्यांचे लक्ष सैन्याकडून रयतेकडे, दुष्काळाकडे, गावाच्या पाण्याकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांनी हिंदी स्त्रियांना डॉक्टर, परिचारिका व सुईण होण्याचे शिक्षण मिळावे म्हणून निधी स्थापन केला, तेव्हा बाईंचे मार्गदर्शन त्यांना लाभले. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्याशी त्यांचा स्नेह होता. दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राला १८९२ मध्ये नाइटिंगेलबाईंनी प्रस्तावना लिहिली. याच मलबारी व गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले, आणि पुढे तेथून विधवा व निराधार स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. कुटुंबाने व समाजाने दूर लोटलेल्या त्या स्त्रियांना रुग्णालयात पाठवणे, हे पुण्यासारख्या सनातनी शहरात केवढ्या धैर्याचे होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

अखेरच्या वर्षांत नाइटिंगेलबाईंची दृष्टी गेली, स्मृतीही क्षीण झाली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाला तो त्यांना, पण तो समजण्याइतके भान त्यांना उरले नव्हते. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमधील राहत्या घरी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. राष्ट्रपुरुषांच्या पंक्तीत, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, दफन करण्याचा प्रस्ताव आला होता. त्यांच्या इच्छेस अनुसरून नातलगांनी तो नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या लहानशा गावी, आईवडिलांच्या शेजारी, सैनिकांनी त्यांची शवपेटी वाहून नेली. थडग्यावर त्यांचे पूर्ण नावही नाही. नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची नोंद तेवढी कोरलेली आहे.